साथीच्या दिवसांतील प्राथमिक शाळा : नियम आणि त्यांची कारणे

सांसर्गिक रोग आणि शाळा यांचा संबंध फार जुना आहे. जेथे शेदीडशे मुले रोज एकाच छपराखाली बसतात, एकाच नळाचे पाणी पितात आणि एकच हवा छातीत घेतात, तेथे एकाचा आजार त्या एकट्याचा राहत नाही. गोवर, कांजिण्या, गालफुगी, खरूज, डोळे येणे हे विकार एका बाकावरून दुसऱ्या बाकावर कसे जातात, हे प्रत्येक आईस अनुभवाने ठाऊक असते. परंतु सन २०२० साली कोरोनाची जी साथ आली, तिने शाळा आणि रोग यांचा हा जुना संबंध साऱ्या जगापुढे एकदमच उघडा करून ठेविला.

विद्यार्थिमित्रहो, आज आपल्या हायस्कुलात बसणाऱ्या तुम्हांपैकी पुष्कळजण त्या वेळी प्राथमिक शाळेत होते. नाकातोंडावर मास्क बांधा, हात धुवा, दूर बसा, डबा वाटून खाऊ नका, अशा आज्ञा तुम्ही ऐकल्या आणि बहुतेकांनी पाळल्याही. परंतु त्या आज्ञा का दिल्या होत्या, हे तुम्हांस कितीजणांनी समजावून सांगितले? वयाने लहान असल्यामुळे तुम्हांस त्या वेळी सारे समजले नसेल. आता ते समजण्याचे वय झाले आहे. शिवाय तुमची धाकटी भावंडे आज प्राथमिक शाळेत आहेत, आणि साथ म्हटली म्हणजे ती पुन्हा केव्हातरी यावयाचीच. म्हणून त्या दिवसांतील नियम एकेक हाती घेऊन त्यांची कारणे तपासावी, असा ह्या लेखाचा हेतू आहे. पालकवर्गानेही तो वाचावा अशी विनंती आहे. कारण शाळेच्या आरोग्याचे निम्मे काम घराच्या उंबरठ्याच्या आतच व्हावयाचे असते.

रोग गावात कसा येतो

उदाहरणासाठी आपले गावच घेऊ. वर्धा शहरालगत सिंदी (मेघे) हे एक गाव आहे. नागपूर–वर्धा लोहमार्गावरील आपले गाव सिंदी (रेल्वे) या नावाने ओळखले जाते. मुंबईकडून येणारा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोचला. त्याने ह्या मुलखातील कापूस बाहेर नेला आणि बाहेरची माणसे, माल, वर्तमानपत्रे व विचार येथे आणिले. परंतु ज्या वाटेने माणूस येतो, त्याच वाटेने त्याचा रोगही येतो.

१९१८ साली इन्फ्लुएंझाची जी जागतिक साथ आली, ती त्या वर्षीच्या जूनच्या सुमारास मुंबई बंदरात उतरली आणि तेथून रेल्वेमार्गांनी देशभर पसरली. पावसाळा संपता संपता तिची दुसरी, अधिक भयंकर लाट उठली. आपला जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतात मोडत असे. आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हा हिंदुस्थानातील सर्वांत अधिक पीडित भागांपैकी एक होता. साऱ्या देशात एक कोटीहून कितीतरी अधिक माणसे दगावली. १९११ साली देशाची लोकसंख्या सुमारे २५ कोटी २१ लक्ष होती. ती १९२१ च्या खानेसुमारीत सुमारे २५ कोटी १३ लक्ष भरली. ज्या दशकात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, असे आपल्या देशाच्या खानेसुमारीच्या इतिहासात हे एकच दशक आहे.

१०२ वर्षांनी हाच प्रकार नव्या रूपाने आला. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात देशातील पहिला कोरोनारुग्ण आढळला. ९ मार्च रोजी पुण्यास महाराष्ट्रातील पहिले रुग्ण आढळले. आणि ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही जगद्व्यापी साथ असल्याचे घोषित केले. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशातील प्रवासी गाड्या थांबविण्यात आल्या. ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, त्या गावाच्या स्थानकावर उतारू नाहीसे झाले आणि केवळ मालगाड्या तेवढ्या धावत राहिल्या. ह्या उपायाचा परिणाम दिसला. एप्रिल २०२० अखेर केंद्र सरकारने जिल्ह्यांची जी विभागणी केली, तीत वर्धा जिल्हा हिरव्या विभागात होता. येथे पहिला रुग्ण मे महिन्यात आढळला. अंतराने रोग संपला नाही, परंतु त्यास यावयास वेळ लागला. आणि तेवढ्या अवधीत रुग्णालयांस तयारी करिता आली. पुढे शाळेत दोन बाकांमध्ये जे अंतर राखले गेले, त्याचे मूळ तत्त्व हेच होते.

बंद शाळेची किंमत

येथे कोणी म्हणेल, 'मग शाळा बंदच ठेवाव्या. नियमांची खटपट कशास?' मार्च २०२० मध्ये शाळा बंद करणे योग्यच होते, कारण त्या वेळी रोगाचे स्वरूप कोणासही पुरते ठाऊक नव्हते. परंतु बंद शाळेचीही किंमत असते, आणि ती लहान मुलांनी भरली.

राज्यात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने उघडू लागले. इतक्यात फेब्रुवारीत विदर्भात रुग्ण पुन्हा वाढू लागले आणि उघडलेली दारे मिटली. त्या वर्षीच्या ४ ऑक्टोबर रोजी वरचे वर्ग पुन्हा सुरू झाले. पहिली ते चौथीच्या मुलांस मात्र शासनाची परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे मार्च २०२० मध्ये जे मूल पहिलीत अक्षरे गिरवीत होते, ते पुन्हा वर्गात पाऊल ठेवीपर्यंत तिसरीत जाऊन बसले होते. मधली दुसरी इयत्ता त्याने शाळेत पाहिलीच नाही. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही आठवडे शाळा बंद राहिल्या, ते निराळेच.

'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ह्या उपक्रमाने आणि कित्येक शिक्षकांच्या कष्टाने पुष्कळ हानी टळली. कोणी ओट्यावर, कोणी झाडाखाली चारचार मुले बसवून शिकविले. सोलापूरच्या नीलमनगर वस्तीत तर घरांच्या भिंतींवर धडे रंगविण्यात आले. तथापि ज्या घरी एकच फोन, आणि तोही बापाबरोबर कामावर जाणारा, त्या घरी शिक्षण कितीसे पोचणार? ग्रामीण भागातील मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाप्रमाणे देशात तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी मुले २०१८ साली सुमारे २७ होती. २०२२ साली ती सुमारे २० वर आली.

म्हणून ध्यानात ठेवावयाचे ते हे : शाळेतील आरोग्यनियम हे शाळा बंद ठेवण्यासाठी नसून ती उघडी ठेवता यावी यासाठी असतात. जो नियम पाळतो, तो स्वतःस तर जपतोच, पण आपल्या वर्गाचे दारही उघडे ठेवतो.

पहिला नियम : आजारी मुलाने घरी राहावे

सर्व नियमांत हा सोपा दिसतो, पण पाळावयास कठीण असतो. ताप, खोकला, घसा दुखणे किंवा जुलाब होत असलेल्या मुलास शाळेत पाठवू नये. ह्याचे कारण स्पष्ट आहे. रोगाचे जंतू शाळेत येतात ते मुलाबरोबर येतात. मूल न आले तर तेही येत नाहीत.

हा नियम मोडतो, तो बहुधा आडमुठेपणाने नव्हे. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आईबाप दोघेही पहाटे वावरात जातात, तेव्हा आजारी मुलाजवळ बसावे कोणी? काही मुलांस शाळेतील भोजन हेच दिवसातील पोटभर जेवण असते. आणि काही ठिकाणी शाळाच नकळत हा नियम मोडावयास लावते. वर्षभरात एकही दिवस न चुकविणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्ण हजेरीचे बक्षीस देण्याची चाल अनेक शाळांत आहे. त्यामागील हेतू चांगला आहे; परंतु अंगात ताप असताही ते मूल, 'माझे बक्षीस जाईल,' म्हणून शाळेत येते आणि साऱ्या वर्गास आजार देऊन जाते. वैद्यकीय कारणाने घेतलेली रजा हजेरीत मोडू नये, एवढी साधी दुरुस्ती केली म्हणजे बक्षीसही राहील आणि आरोग्यही राहील. शिक्षकाने चुकलेला धडा शेजारच्या मुलाबरोबर पाठवावा. आणि शेजारधर्माने एकमेकांची मुले सांभाळावी. तेव्हाच हा नियम गरिबासही पाळता येतो.

दुसरा नियम : हात धुणे

कोरोनाचा विषाणू हा मिलिमीटरच्या सुमारे दहासहस्रांश भागाएवढा सूक्ष्म असतो. त्याभोवती चरबीसारख्या पदार्थाचे एक पातळ कवच असते. साबण ज्याप्रमाणे भांड्यावरील तेल सोडवितो, त्याचप्रमाणे तो हे कवच मोडतो, आणि कवच मोडले की विषाणू निकामी होतो. परंतु ह्या क्रियेस वेळ लागतो. म्हणून साबण लावून २० सेकंदांपर्यंत बोटांच्या बेचक्या, नखे व मनगटे चोळावी असे सांगतात. नुसते पाण्याखाली हात धरल्याने हे साधत नाही.

आता थोडे गणित करू. शाळेत २०० मुले आहेत आणि नळ एकच आहे. प्रत्येकास २० सेकंद दिले तर ४,००० सेकंद, म्हणजे एक तासाहून अधिक वेळ लागेल. मधली सुट्टी संपून जाईल, आणि निम्मी मुले हात न धुताच जेवावयास बसतील. तेच एका लांब नळास दहा तोट्या बसविल्या तर साऱ्यांचे काम सात मिनिटांच्या आत होईल. ह्यावरून असे दिसते की, 'मुले हात धूत नाहीत,' अशी तक्रार करण्यापूर्वी शाळेने आपल्या तोट्या मोजाव्या. ज्या नियमास साधन दिलेले नाही, तो नियम फळ्यावरच राहतो.

हात धुण्याचा गुण केवळ कोरोनापुरता नाही. जुलाब, विषमज्वर, कावीळ, पोटातील जंत ह्या सर्वांची वाट हातावरून तोंडात जाते. ती सर्व साबणाने अडते. म्हणून साथ संपली तरी हा नियम संपत नाही.

हात निर्जंतुक करण्याच्या द्रव्याविषयी, म्हणजे सॅनिटायझरविषयी, मात्र एक सूचना अवश्य ध्यानात ठेवावी. ते पाणी नव्हे. त्यात मद्यार्क असतो, ते पेट घेते आणि पोटात गेल्यास विषासारखे बाधते. ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या डोसाऐवजी चुकीने सॅनिटायझरचे थेंब १२ बालकांस पाजले गेले, आणि त्या सर्वांस रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने ती बालके बचावली. जेथे मोठ्यांची चूक होऊ शकते, तेथे सहा वर्षांच्या मुलाच्या हाती ती बाटली देऊ नये. साबण व पाणी असेल तेथे मुलांसाठी तेच उत्तम.

तिसरा नियम : अंतर राखणे

२०२१ साली राज्य शासनाने वरच्या वर्गांसाठी ज्या सूचना दिल्या, त्यांत एका बाकावर एक विद्यार्थी, दोन विद्यार्थ्यांत सहा फूट अंतर आणि एका वर्गात पंधरा ते वीस विद्यार्थी असे प्रमाण होते. खोकताना, शिंकताना व बोलताना तोंडातून जे मोठे तुषार उडतात, ते बहुधा चारसहा फुटांच्या आत खाली पडतात. हे ह्या नियमाचे कारण.

वीस फूट लांब व वीस फूट रुंद अशी एक खोली घ्या. एका रांगेत सहा सहा फुटांवर मुले बसविली तर चार बसतील, आणि अशा चार रांगा होतील. चार चोक सोळा. ज्या वर्गात चाळीस मुले आहेत, त्याचे तीन गट पाडावे लागतील. ह्याच कारणाने त्या दिवसांत मुले एक दिवसाआड किंवा पाळीपाळीने बोलाविली जात. तुम्हांस तो त्या वेळी अन्याय वाटला असेल, पण तो पाढ्याचा हिशेब होता.

चौथा नियम : मास्क

मास्क हा मुख्यतः इतरांसाठी असतो. आपल्या तोंडातून निघणारे तुषार तो आपल्याचजवळ अडवितो. म्हणून तो एकट्याने बांधून पुरत नाही. सर्वांनी बांधला तर सर्वांस त्याचा उपयोग होतो. परंतु येथेही वय पाहिले पाहिजे. पाच वर्षांच्या आतील मुलांस मास्क बांधण्याची सक्ती करू नये, आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी तो मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावा, असे तज्ज्ञांचे सांगणे होते. हनुवटीवर ओढलेला, ओला झालेला किंवा मित्राशी बदललेला मास्क कामाचा नसतो. प्राथमिक शिक्षकास दिवसातून शंभर वेळा हे सांगावे लागे, आणि त्याचा चेहरा झाकलेला असल्यामुळे पहिलीच्या मुलास 'प' आणि 'ब' म्हणताना त्याचे ओठही दिसत नसत. प्रत्येक उपायास असा काही तोटा असतो. तो जाणून मगच उपाय योजावा.

पाचवा नियम : खिडक्या उघड्या ठेवणे

साथीच्या आरंभी ह्या नियमाकडे सर्वांत कमी लक्ष दिले गेले, आणि शेवटी तोच अग्रभागी आला. मोठे तुषार खाली पडतात हे वर सांगितले. परंतु श्वासाबरोबर अतिसूक्ष्म कणही बाहेर पडतात, आणि ते उदबत्तीच्या धुरासारखे हवेत तरंगत राहतात. बंद खोलीत ते पुष्कळ वेळ टिकून राहतात व सहा फुटांच्या पलीकडेही जातात. संशोधकांनी हे जसजसे सिद्ध केले, तसतसे अंतर व हात धुणे यांच्या जोडीस मोकळ्या हवेचे महत्त्व मान्य झाले.

हा प्रयोग तुम्ही घरी वडील माणसांसमोर करून पाहावा. खोलीच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावा, दारेखिडक्या मिटा आणि दुसऱ्या कोपऱ्यात वास किती वेळाने पोचतो ते घड्याळात पाहा. नंतर समोरासमोरची दारे व खिडक्या उघडा आणि तो वास किती वेळात नाहीसा होतो ते टिपा. एकाच बाजूची खिडकी उघडल्याने हवा फारशी हलत नाही. समोरासमोरची उघडली म्हणजे वाऱ्यास येण्याची आणि जाण्याची अशा दोन्ही वाटा मिळतात.

आपल्या गावचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. लाकडी नंदी घेऊन मुले उघड्यावर जमतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावर आभाळ असते आणि वारा खेळत असतो. तीच मुले त्याच संख्येने एका बंद सभागृहात कोंडली, तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. उघड्यावरील गर्दी अगदी निर्धोक असते असे नव्हे. परंतु मोकळी हवा हे औषध फुकट मिळते. ही गोष्ट नवीनही नाही. बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे १९०४ साली अशक्त व क्षयाची भीती असलेल्या मुलांसाठी रानात उघड्यावरची शाळा काढण्यात आली होती, आणि ती पाहून इतर देशांतही तशा शाळा निघाल्या. आपल्याकडे तर लिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत वर्ग भरविण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

नियमांची परीक्षा

आणखीही काही उपाय त्या काळी योजले गेले. दारात मुलाच्या कपाळासमोर यंत्र धरून ताप मोजीत. बाके, दारे, कधी तर रस्तेसुद्धा औषधाने फवारीत. अनुभवाअंती असे आढळले की, रोगी लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासूनच रोग पसरवू शकतो, आणि कित्येकांस ताप येतच नाही. तेव्हा केवळ ताप मोजून निश्चिंत होणे बरोबर नव्हते. तसेच वस्तूंना शिवल्यामुळे होणारा संसर्ग हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या मानाने फारच थोडा होता. ह्याचा अर्थ त्या वेळी अधिकारी मूर्ख होते असा नव्हे. अपुऱ्या ज्ञानात सावधपणा बरा. परंतु ज्ञान वाढले की नियमही बदलले पाहिजेत. बाक पुसण्यात तास घालवावा आणि खिडकी मात्र बंद असावी, असे होऊ नये.

कारण न सांगितलेल्या नियमाचे काय होते, ह्याची दोन उदाहरणे इतिहासात प्रसिद्ध आहेत. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने १८४७ साली इतर डॉक्टरांस औषधी पाण्याने हात धुवावयास लाविले. १८४६ साली त्याच्या विभागात शंभर बाळंतिणींपैकी अकरांहून अधिक दगावल्या होत्या. १८४८ साली दोनही दगावल्या नाहीत. इतके असूनही पुष्कळ डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही. कारण हातावर नेमके काय असते, हे त्यास पटवून देता आले नाही. जंतूंचे शास्त्र पुढे आले, तेव्हा त्याचे म्हणणे जगास पटले.

दुसरे उदाहरण आपल्याच प्रांतातील. १८९७ साली पुण्यास प्लेग असता सरकारने सोजिरांकरवी घरे तपासविली आणि रोग्यांस व त्यांच्या आप्तांस सक्तीने वेगळे काढले. वेगळे ठेवणे हा उपाय शास्त्रास धरून होता. परंतु तो न समजाविता, लोकांच्या अब्रूची पर्वा न करिता अमलात आणिला गेला. परिणाम असा झाला की लोक रोग्यास लपवू लागले, आणि संताप इतका वाढला की त्या वर्षीच्या जूनमध्ये प्लेग-अधिकारी रँड याजवर गोळी झाडली गेली. त्याच साली, त्याच साथीत, रोग्यांची सेवा करिता करिता एक शिक्षिका प्लेगाने निवर्तल्या. १० मार्च १८९७ रोजी दिवंगत झालेल्या त्या शिक्षिका म्हणजे सावित्रीबाई फुले. त्यांच्या चिरंजीवांनी, डॉ. यशवंतरावांनी, पुण्याबाहेर उपचारकेंद्र उघडले होते, तेथे त्या रोग्यांस आणीत. रोग तोच आणि वेगळे ठेवण्याचा उपायही तोच. पण एके ठिकाणी धाक होता आणि दुसऱ्या ठिकाणी माया होती. लोक कोणाकडे आपण होऊन गेले असतील, हे सांगावयास नको.

घर आणि वर्ग

कोरोना मुलांस बहुधा सौम्य होत असे, परंतु घरच्या वृद्धांस तो घातक ठरे. शिवाय प्राथमिक शाळेच्या मुलांस त्या वेळी लसही नव्हती. आपल्या देशात बारा ते चौदा वर्षांच्या मुलांचे लसीकरण १६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले, आणि त्याहून लहान मुले त्यात नव्हतीच. म्हणून शिक्षकांनी व आईबापांनी लस घेणे हीच त्या चिमुकल्यांभोवतीची भिंत होती. उलट शाळेत हात धुणारे सात वर्षांचे मूल घरी आपल्या आजीस जपत होते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या दिवसांत ज्या घरी रोग निघाला, त्या घराकडे लोक बोट दाखवीत. त्या घरातील मुलास, 'हा कोरोनावाला,' म्हणून इतर मुले चिडवीत. रोगापासून दूर राहावे, हे खरे; परंतु रोगी माणसास लाज वाटेल असे वागू नये. ज्यास लाज वाटते तो रोग लपवितो, आणि लपविलेला रोग सर्वांत अधिक पसरतो. शिक्षकाने वर्गात रोगाचे नाव सांगावे, रोगी मुलाचे नाव सांगू नये. आणि बरे होऊन परत आलेल्या मुलास त्याच्या जुन्याच बाकावर, जुन्याच सोबत्याशेजारी बसवावे.

ह्या शिकवणीस आपला जिल्हा परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली, तीतून नई तालीम निघाली, आणि सेवाग्रामच्या शाळेत सफाई व आरोग्य हे अभ्यासाचेच विषय मानले गेले. त्याच सेवाग्रामात महात्मा गांधींनी कुष्ठरोगाने पीडित परचुरे शास्त्री यांस आश्रमात ठेवून घेऊन त्यांची सेवा केली. लोक ज्यास दूर लोटीत, त्यास जवळ करून काळजीपूर्वक शुश्रूषा कशी करावी, ह्याचा धडा आपल्या अंगणातच घालून दिलेला आहे.

उपसंहार

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मास्क पेटीत गेले, बाके पुन्हा जवळ आली, आणि ते योग्यच झाले. परंतु सारेच नियम पेटीत घालू नयेत. पुढील पाच गोष्टी शाळेत आणि घरी कायमच्या राहाव्यात : जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुणे, वर्गाच्या समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे, खोकताना व शिंकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरणे, आजारी मुलास घरी विश्रांती देणे, आणि आजारी माणसाविषयी निंदा न करणे. ह्यांस खर्च थोडा आहे आणि लाभ दर वर्षीचा आहे.

विद्यार्थ्यांनी ह्या सुट्टीत आपल्या जुन्या प्राथमिक शाळेत एकदा जावे. तेथील तोट्या मोजाव्या, मुले मोजावी आणि वर केलेला हिशेब पुन्हा करून पाहावा. खिडक्या किती आहेत आणि त्यांतील किती उघडतात, ते पाहावे. कमी आढळले तर ती गोष्ट वडिलांस सांगावी, आणि पालकांनी ती शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडावी. पुढली साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. पण ती येईल तेव्हा आपल्या धाकट्या भावंडांच्या शाळेत पाणी वाहते असावे, खिडक्या उघडत्या असाव्या, आणि नियम सांगणाऱ्यास त्यांचे कारणही सांगता यावे, एवढी तयारी आपल्या हाती आहे. ती आज करावी.